चारी बाजूंनी दीड इंच

पाठ

शर्ट कापताना पाठ आधी कापायची. सगळ्यात मोठा तुकडा निघाला की बाकीच्यांना कुठे जागा उरली ते दिसतं. बाबांनी असंच शिकवलं, म्हणून तसंच सांगते.

तर पाठ ही. बाबा गेले. ते टेलर होते. गिऱ्हाईकं त्यांना मास्तर म्हणायची, शेजारी मास्तर म्हणायचे, आईसुद्धा मास्तरच म्हणायची. दुकानाच्या पाटीवर आधीच्या मालकाचं नाव होतं, कारण गिऱ्हाईक पाटीला सरावलेलं असतं. कॉलरच्या आत शिवायची लेबलं पाटीच्याच नावाची. एकदा ढिगाने छापून आणली होती, अजून संपली नाहीत. विजेचं बिलसुद्धा त्याच नावाने येतं. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाचे शर्ट शिवले, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. आईला वाटायचं. ती बोलायची नाही, पण लेबल शिवायचं काम आलं की डबा माझ्याकडे सरकवायची.

आई काज करायची. हाताने. यंत्राचं काज म्हणजे ओरखडा, असं तिचं मत.

बाबांना जाऊन काही महिने झाले तेव्हा आई काज खुणेच्या शेजारी करायला लागली. खुणेवर नाही, शेजारी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की नजर मधून जाणार, कडेची राहील.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे समोरच्या माणसाचे कान दिसतील, चेहरा दिसणार नाही."

"काही काही लोकांचं तेच बरं," आई म्हणाली.

डॉक्टर हसले. उपाय नाही म्हणाले. किती वेळ आहे ते सांगता येत नाही, पण फार नाही.

खाली उतरताना आई जिन्यात थांबली. कठडा धरून म्हणाली, "मास्तरांचं नाव दगडावर लिहिलेलं बघायचंय मला. त्यांच्या जागेवर. डोळे आहेत तोवर. बाकी माझं काही मागणं नाही."

पाठ संपली.

पुढा (डावा)

दफनभूमीच्या ऑफिसात भिंतीवर नियम लावलेले आहेत, प्लॅस्टिकच्या आवरणात, म्हणजे कोणी हात लावला तरी त्यांना काही होत नाही.

दगड जमिनीशी सपाट बसवावा. उभा दगड चालणार नाही.

(कारण गवत कापायचं यंत्र वरून जातं. यंत्रवाल्याने मला पातं दाखवलं होतं, एका ठिकाणी दाताचा तुकडा पडावा तसा तुकडा पडलेला. कोणाच्या तरी आजोबांचा कोपरा, तो म्हणाला.)

दगडाची लांबी दोन फूट, रुंदी सव्वा फूट.

पाया आणि दगडाची खाच दफनभूमीची माणसंच तयार करतील. बाहेरच्या कोणीही, नातेवाईकांनी तर नाहीच, खोदकाम करू नये.

अक्षरं कोरून त्यात शिसं ओतावं आणि घासून दगडाशी एकसारखं करावं. (खोलगट राहिली तर माती बसते.)

परवान्याची फी, पायाची फी, तपासणीची फी. दगड तपासणीत नाकारला गेल्यास परवाना रद्द होईल. फी परत मिळणार नाही.

जमीन ओली असण्याच्या दिवसांत परवाने बंद.

खुंटीला काही बांधू नये.

हा शेवटचा नियम आमच्यामुळे आला असावा. दगड नसलेल्या कबरीवर नंबराची खुंटी असते, आणि रांगेतल्या सगळ्या खुंट्या सारख्या. आईने बाबांच्या खुंटीला लाल दोरा बांधला होता, काजाचा, तिपेडी. पुढच्या वेळी गेलो तर दोरा नाही. आई रांगेत पुढे गेली, मागे आली, आणि एका कबरीपाशी उभी राहून बोलायला लागली. दुकानातलंच काहीबाही, कोणाची पँट न्यायची राहिली वगैरे. मी नंबर बघितला.

"आई, हे ते नाहीत."

 ती त्या परक्या खुंटीला म्हणाली, "माफ करा हं."

पुढा (उजवा)

डावा आणि उजवा पुढा जुळले पाहिजेत. इथेच बिघडलं.

माप घ्यायचं काम काकाचं. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, आमचा कटर. तो ऑफिसात जाऊन भिंतीवरचं माप उतरवून घेऊन आला. मी ते पाथरवटासाठी स्वच्छ लिहून काढलं. चिठ्ठी द्यायला आई गेली, कारण तिला दगडाचा रंग स्वतः बघायचा होता, अजून दिसत होता म्हणून.

दगड बसवायला आम्हाला परवाने बंद होण्याच्या आदल्या दिवसाची तारीख मिळाली. पाथरवटाच्या टेम्पोत दगड, मागे मी आणि काका, पुढे गाडी चालवणाऱ्या पाथरवटाशेजारी आई, इस्त्री केलेली, म्हणजे कपडे इस्त्री केलेले, पण ती तशीच बसली होती. दगड अस्तराच्या कापडात गुंडाळलेला. आईने तो अजून पाहिला नव्हता. पाथरवटाने दाखवू का विचारलं तेव्हा म्हणाली होती, "ट्रायल नको. अंगावरच बघते."

फाटकाशी रखवालदार एक लोखंडी चौकट घेऊन आला. पिवळ्या रंगाची, दोन्ही बाजूंना कड्या. प्रत्येक दगडावर ती चौकट घालून बघतात. चौकट दगडाभोवती खाली उतरली की दगड पास. इतकी सोपी तपासणी.

चौकट दगडावर टेकली आणि वरच राहिली.

"जरा फिरवून बघा की," काका म्हणाला.

"फिरवून काय होणार? दगड आहे, पायजमा नाही."

त्याने टेप लावला. टेप आमच्याकडे धरला. चारी बाजूंनी दीड इंच जास्त.

मी आणि काका पाथरवटाकडे बघायला लागलो. त्याने खिशातून माझ्या अक्षरातली चिठ्ठी काढली आणि बोनेटवर ठेवली.

काका चिठ्ठी वाचून माझ्याकडे बघायला लागला. "पोरी, तू मार्जिन धरलीस?"

"अर्धा इंच. चारी बाजूंनी. तुम्ही नुसतं भिंतीवरचं आणलं असणार म्हणून..."

"मी आणतानाच अर्धा इंच धरून आणलं होतं."

"मला सांगितलं का नाही?"

"कधी सांगतो? चाळीस वर्षं सांगितलं नाही. माप म्हणजे मार्जिन धरूनच."

मी मनात बेरीज केली. "एक इंच झाला. दीड कसा?"

पाथरवट खाकरला. टेम्पोच्या पुढच्या काचेकडे त्याने हनुवटीने दाखवलं. "बाई म्हणाल्या, लिहिलंय त्यापेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच वाढवा. ऑफिसवाले सगळं कमीत कमी लिहितात म्हणाल्या."

आई काच खाली करून बघत होती. सगळं ऐकलं होतं तिने.

"मास्तर काय म्हणायचे?" ती म्हणाली. "जास्तीचं आत घेता येतं. कमी पडलं तर आणायचं कुठून?"

 तिघांनी आपापल्या परीने काळजी घेतली होती, आणि ती सगळी काळजी त्या दगडाच्या कडेला उभी होती, मोजून.

"कडा छाटून टाका मग," काका पाथरवटाला म्हणाला. "आत्ता. इथे."

पाथरवटाने अस्तराचा कोपरा उचलला, आईला दिसणार नाही असा. बाबांचं नाव एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलेलं होतं. "एवढा मोठा दगड, म्हटलं मोकळा कशाला सोडा. अक्षरं ऐसपैस घेतली. आता छाटलं तर पहिलं अक्षर अर्धं जाईल आणि शेवटचं पण."

कॉलर

ऑफिसातल्या बाई मला ओळखत होत्या. त्यांच्या युनिफॉर्मच्या पँटा आमच्याकडे येतात.

"ताई, बसा," त्या म्हणाल्या. म्हणजे होणार नाही.

मी सांगितलं. उद्यापासून परवाने बंद. जमीन सुकेपर्यंत म्हणजे पुढचे कितीतरी महिने. तोवर आईचे डोळे राहणार नाहीत.

"मला कळतंय हो."

"नुसता एक दिवस. खाचेवर ठेवू, बसवायचा नाही. तिने बघितला की उचलून नेऊ. यंत्र तर आज चालत नाही."

"खाचेत दगड जातच नाही ना. वर ठेवलात आणि कड तुटली, खाच तुटली, तर शेजारच्यांचा आणि तुमचा पाया एकच आहे. पूर्ण रांगेला एक पट्टा ओततात."

"गवतावर ठेवू. शेजारी."

"शेजारी दुसऱ्या कोणाचं आहे."

मी चिडायला जागा शोधत होते. सापडेना. त्यांचं टेबल स्वच्छ होतं, पाण्याचा ग्लास त्यांनी माझ्यापुढे ठेवला होता.

"तुमच्या पँटला मी कंबरेत दोन इंच सोडून ठेवले होते," मी म्हणाले. "सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी उपयोगाला आले ना?"

"आले." त्या जराशा हसल्या. "मी वाढते, ताई. ही जागा वाढत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या वडिलांचा दगड एक बोट जास्त होता. मीच परत पाठवला. मी नोकरीला इथेच होते तेव्हा. आता मी कोणाला हो म्हणू?"

त्यांनी परवान्यावर 'रद्द'चा शिक्का मारला. मारताना कागद सरळ धरला, तिरका नाही.

बाहेर आई टेम्पोतच बसली होती. मी पायरीवर चढून म्हणाले, "आई, इथेच बघ ना. कापड काढते. दगड तोच आहे, नाव तेच आहे."

"नको."

"अगं, पण नंतर..."

"शर्ट माणसाच्या अंगावर गेला की शर्ट. तोवर कापडच. मी मास्तरांचं कापड बघायला आले नाहीये." तिने काच वर केली.

बाही

(बाही मला कधी नीट जमली नाही. खांद्याशी चुणी पडते. हा भाग तोकडा राहील.)

दगड दुकानात आणला, कापायच्या टेबलाखाली ठेवला, अस्तरासकट. मी रोज विचारायचे. आई रोज नको म्हणायची. एकदा मी ओरडले, "तुझा हट्ट आहे हा! डोळे गेल्यावर रडशील!" काका इस्त्री थांबवून बघत राहिला.

"तुझ्यावर ओरडून डोळे येत असतील तर मीपण ओरडते," आई म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला घेतला. ओवला गेला नाही. सुई माझ्याकडे केली.

मी ओवून दिली.

काज

आता ती बोटांनी काज करत होती. खूण दिसायची नाही, म्हणून मी खुणेच्या जागी टाचणी टोचून द्यायला लागले. काही दिवस चाललं. मग टाचण्याही चुकायला लागल्या. एका गिऱ्हाईकाने शर्ट घालून दाखवला. पोटावर एक काज, त्याच्यासमोर बटणच नाही, आणि तो सभ्यपणे म्हणाला, "हवेसाठी ठेवलंय का?"

मग ती झोपल्यावर मी तिची काजं उसवून पुन्हा करायला लागले. तिच्यासारखी. तिपेडी दोरा, गाठ आतल्या अंगाला.

एका सकाळी तिने तयार शर्टाच्या पुढ्यावर बोट फिरवलं, एकेका काजावर थांबत.

"माझा टाका इतका घट्ट नसतो," म्हणाली. "तू घाबरून ओढतेस."

त्यानंतर तिने सुई घेतली नाही.

आणि जमीन ओलीच होती. मी फोन करायचे तेव्हा बाई म्हणायच्या, "अजून ओली आहे हो." हवामान माझ्या हातात असल्यासारखं मी दर दोन दिवसांनी विचारायचे, आणि त्यांच्या हातात असल्यासारखं त्या माफी मागायच्या.

दगडाचा उपाय काकाने सुचवला. टेबलाखाली वाकून तो बराच वेळ बघत बसला होता. म्हणाला, "वहिनी, कॉलर विरली की आपण काय करतो?"

"उलटवतो."

"मग हा उलटवू."

पाथरवटाला पटलं. दगड मापात छाटायचा, त्यात वरच्या बाजूच्या नावाची पहिली आणि शेवटची अक्षरं अर्धी जातील तर जाऊ देत. ती बाजू खाली घालायची. पाठीवर नव्याने कोरायचं, लहान अक्षरात, कडेपासून चांगलं आत. जुन्या अक्षरांतलं शिसं तापवून काढायचं आणि नव्या अक्षरांत ओतायचं. "बटणं तीच वापरायची," काका म्हणाला. खूप दिवसांनी कोणाला तरी काही सुचलं होतं, म्हणून आम्ही तिघंही थोडं हसलो. नियमांत उलट्या बाजूबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा जाऊन वाचलं.

या वेळी माप बाईंनी स्वतः एका पुठ्ठ्यावर आखून, कापून दिलं. पाथरवटाकडे पुठ्ठा गेला. चिठ्ठी नाही, आम्ही नाही.

खालची दुमड

जमीन सुकली.

चौकट या वेळी दगडाभोवती अशी उतरली की रखवालदाराने हातसुद्धा सोडला. दोन माणसांनी पट्ट्यांवरून दगड खाचेत सोडला, कडेने पातळ सिमेंट भरलं, फडक्याने पुसलं. आम्हाला दोरीच्या बाहेर उभं केलं होतं. मग दोरी काढली.

मी आईला हाताला धरून नेलं. काका मागे राहिला.

"या पायापुढे," मी म्हणाले.

तिने खाली बघितलं. मग मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, जसं आता ती सगळ्याच गोष्टींकडे बघायची, तिरपं, कोणीतरी चोरून बघावं तसं. बराच वेळ.

"कड दिसते," ती म्हणाली. "सरळ आहे. चांगली छाटलीय." पुन्हा मान फिरवली. "मधे काही नाही."

"आहे, आई. नाव आहे. वाचून दाखवू?"

"ऐकलंय मी ते. ऐकायचं नव्हतं."

ती खाली बसली. गुडघ्यांवर हात टेकत, माझा हात झटकून. उजव्या हाताची दोन बोटं दगडावर ठेवली. कापडाची उलट-सुलट बाजू न बघता ओळखणारी बोटं. कडेपासून आत नेली, मधून, पुन्हा कडेपर्यंत. मी बघत होते, ती पहिल्या अक्षरावरून गेली, दुसऱ्यावरून, शेवटच्यावरून. थांबली नाही. शिसं दगडाशी एकसारखं घासलं होतं, नियमाप्रमाणे. पाथरवटाने काम फार चांगलं केलं होतं.

"गुळगुळीत आहे," ती म्हणाली.

मी तिचं बोट धरून अक्षरावर नेलं. काना, मात्रा, सगळ्यावरून फिरवलं, शाळेत गिरवून घेतात तसं. तिने फिरवू दिलं. माझ्यासाठी फिरवू दिलं असावं.

"आणि खालची बाजू?" तिने विचारलं. "जुनी?"

"तशीच आहे. शिसं काढून घेतलं त्यातलं."

"म्हणजे खोदलेलंच आहे. उघडं."

"हो."

"कडेला अक्षरं अर्धी तुटली, म्हणालात ना भाऊजी? धारदार असतील."

काका मागून पुढे आला. 

तिचा हात दगडावर सपाट पडलेला होता, इस्त्री झालेल्या पाठीवर ठेवतात तसा. ती काय मोजतेय ते मला कळलं, कारण दुकानात प्रत्येक कपडा देण्याआधी तो उलटा करून ती तेच बघायची. वरून कसाही असो, आतली शिवण अंगाला लागता कामा नये.

"आतून टोचणार नाही ना त्यांना?" ती म्हणाली.

"नाही, आई. मधे सिमेंट आहे. पाया आहे."

"कोणी घातला?"

"त्यांच्या माणसांनी. आपल्याला घालू देत नाहीत."

"तू बघितलंस घालताना?"

मी दोरीच्या बाहेर होते. रांगेचा पट्टा ओतला तेव्हा मला कोणी बोलावलं नव्हतं.

"बघितलं," मी म्हणाले.

तिने मान वळवली आणि माझ्याकडे कडेच्या नजरेने बघितलं. तिला माझे कान दिसत असणार. ती उठली नाही. लांबून गवताचं यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला, आणि रखवालदार हळूच म्हणाला, "आजी, ही रांग आता कापायला घेतील."